आचाऱ्याची यादी

तात्यासाहेबांच्या कंपनीत माणसं सहा होती आणि मशीन सात. सातवं मशीन कुणाचंच नव्हतं, त्यामुळे सगळ्यात जास्त मान त्यालाच होता. खिडकीखालच्या कोपऱ्यात, लाकडी पाटावर, ते बाहेरगावी नेण्यापुरतं सोडलं तर सहा वर्षं अखंड चालू होतं. त्याला सगळे थोरला म्हणत. दर खंडेनवमीला तात्यासाहेब स्वतः त्याला कुंकू लावत, तशी सहा बोटं त्याच्या पत्र्यावर उमटली होती. गेल्या वर्षीची झेंडूची माळ अजून गळ्यात होती आणि छातीवर एक कागद चिकटवलेला होता: ‘बंद करू नये. – गोकुळ’.

कंपनी पुंडलिकनगरात, एका औषधाच्या दुकानाच्या डोक्यावर. तात्यासाहेबांची करमाडकडची जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा बाकीच्या भाऊबंदांनी जीपा घेतल्या आणि बंगले बांधले. तात्यासाहेबांनी जीप घेतली, बंगला बांधला, आणि तरी हौस फिटेना म्हणून सॉफ्टवेअरची कंपनी काढली. कारखान्यात तयार होणारा प्रत्येक सुटा भाग मोजून तो पास की नापास हे सांगणारा प्रोग्रॅम ही कंपनी बनवायची. तात्यासाहेबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गोकुळ कळत होता आणि तेवढं पुरत होतं.

गोकुळ म्हणजे कंपनीचा पहिला नोकर. चाळिशी आलेला, अबोल, शर्टाच्या खिशात कायम एक छोटी डायरी. प्रोग्रॅमचा कच्चा माल म्हणजे लिहिलेला कोड. त्याचा चालता प्रोग्रॅम करायला दहा-अकरा वेगवेगळी हत्यारं एकामागून एक चालवावी लागतात. कुठलं हत्यार कधी चालवायचं याचा चारशे ओळींचा हुकूमनामा गोकुळनं लिहून ठेवला होता. त्याला बिल्ड स्क्रिप्ट म्हणतात. गोकुळच्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक हत्याराचं नुसतं नाव नव्हतं, पूर्ण पत्ता होता: अमुक डिस्क, त्यात गोकुळच्या नावाचा फोल्डर, त्यात दुसरा, त्यात तिसरा, आणि तिथं ते हत्यार. हे पत्ते सगळे थोरल्याच्या पोटातले. साहजिकच ती स्क्रिप्ट जगात एकाच मशीनवर चालायची.

आता एखाद्या गिऱ्हाईकानं म्हटलं, की आमच्याकडं येऊन आमच्यासमोर प्रोग्रॅम तयार करून दाखवा, तर काय करायचं? दुसऱ्या कुणी स्क्रिप्ट बदलली असती. इथं थोरल्याला चादरीत गुंडाळत, जीपच्या मागच्या सीटवर बसवत, पट्टा बांधत आणि गोकुळ त्याच्या शेजारी एक हात त्याच्यावर ठेवून बसे. वाळूज, पैठण, जालना, थोरला सगळीकडं फिरून आला होता. गिऱ्हाइकं गोकुळला चहा-पोहे देत, साहेब म्हणत. स्क्रिप्ट कुठंही चालते असं तात्यासाहेब अभिमानानं सांगत, आणि त्यांच्या परीनं ते खोटंही नव्हतं.

अमृता या कंपनीत सहा महिन्यांच्या बोलीवर आली होती. पाच महिने होऊन गेले होते. ती रोज करमाडहून येऊन-जाऊन करायची. घरी वडील एकटे. बन्सी आचारी म्हटलं की करमाडपासून फर्दापूरपर्यंत लोक ओळखत. लग्न असो, बारसं असो, दसऱ्याला बुद्धलेणीच्या पायथ्याशी जमणारी गर्दी असो, कढईपाशी बन्सी. पण दोन वर्षांपासून त्याचा उजवा गुडघा कामातून गेला होता. कढई उतरवायला अमृताच लागायची. तिच्याबरोबरीच्या पोरी पुण्याला गेल्या, ही राहिली. राहायचं तर नोकरी इथंच पक्की व्हायला हवी होती, आणि या शहरात तिच्या शिक्षणाच्या नोकऱ्या काही रस्त्यावर पडलेल्या नव्हत्या.

सप्टेंबरच्या शेवटी शेंद्र्याच्या एका मोठ्या कारखान्याकडून पत्र आलं. प्रोग्रॅम पसंत आहे. मात्र तो आमच्या मशीनवर, आमच्या माणसांसमोर, कच्च्या मालापासून तयार झाला पाहिजे. बाहेरचं मशीन गेटच्या आत येणार नाही. गुरुवार, सकाळी दहा.

तात्यासाहेबांनी पत्र दोनदा वाचून घेतलं. मग थोरल्याकडं पाहिलं.

“म्हणजे ह्याला नेता येणार नाय?”

“नाही,” गोकुळ म्हणाला.

“गेटवाल्याला मी बोलतो की. माझ्या चुलत्याच्या जमिनीवर उभंय ते गेट.”

“तसं नाही चालत, तात्यासाहेब.”

तात्यासाहेबांनी मग अमृताकडं मोर्चा वळवला. “पोरी, तू नवं शिकून आलीस. गोकुळसंगं बस अन् हे पार पाड. झालं तर तू पक्की. नाय झालं तर बघ बाई, पुण्यात लई कंपन्या हायेत.” ते हे रागानं म्हणाले नव्हते. त्यांचा स्वभावच तसा, भाजीवाल्याशीही ते याच सुरात बोलत.

अमृतानं त्याच दुपारी आपल्या मशीनवर गोकुळची स्क्रिप्ट चालवून पाहिली. पहिल्याच ओळीला ती आडवी पडली: असा पत्ता इथं नाही.

गोकुळला यात काही विशेष वाटलं नाही. “त्यांच्या मशीनवर कुठलं हत्यार कुठं आहे ते विचारून घेऊ,” तो म्हणाला. “तिथल्या विशाखा मॅडमना फोन करतो. त्या पत्ते पाठवतील, मी शेंद्र्याची वेगळी स्क्रिप्ट करतो.”

“आणि उद्या त्यांनी मशीन बदललं तर?”

“तर परत विचारू.”

“सर, पत्ते काढून नुसती नावं लिहू या ना. मशीनला स्वतःची हत्यारं माहीत असतात. नाव घेतलं की ते शोधून देतं.”

गोकुळनं खुर्ची वळवली. तो पहिल्यांदाच तिच्याशी सलग चार वाक्यं बोलला. “सात वर्षांपूर्वी मी नुसती नावंच लिहायचो. एका गिऱ्हाइकाच्या मशीनवर त्याच नावाचं जुनं हत्यार होतं. नाव घेतलं, तर ते पुढं आलं. प्रोग्रॅम तयार झाला, चाललासुद्धा, फक्त शेवटचा दशांश चुकीचा मोजत होता. दोन हजार चांगले भाग भंगारात गेले आणि तीन आठवडे कुणाला पत्ता नाही. नावानं हाक मारली की कुणीही ओ देतं, अमृता. मी तेव्हापासून घर नंबर लिहितो.”

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणून त्याला हसणं सोपं असतं. पोळलेलं तोंड मात्र त्याचं असतं. अमृता संध्याकाळच्या बसनं घरी गेली.

बन्सी ओट्यावर बसून एका लग्नाची यादी सांगत होता आणि लग्नघरचा मोतीराम वहीत उतरवून घेत होता. तूरडाळ इतकी, तेल इतकं, वांगी इतकी, मोठी कढई एक, मधल्या दोन. अमृतानं हे लहानपणापासून हजारदा ऐकलं होतं. आज ती दारातच थांबली.

“तेल कोणत्या दुकानातून आणू, बन्सीभाऊ?” मोतीरामनं विचारलं.

“तुमच्या गावात जिथं चांगलं मिळतं तिथून आणा. मला तुमच्या गावातली दुकानं काय ठावं?”

मोतीराम गेल्यावर अमृता पायरीवर बसली. “अण्णा, आन त्यानं खराब तेल आणलं तर?”

“तर चूल पेटवत नाय मी,” बन्सी म्हणाला. “गेल्या-गेल्या आधी तेल हुंगतो, डाळ दाताखाली धरतो. यादीपरमानं नसलं तर तिथंच सांगतो, हे बदला. भाजी फोडणीला टाकल्यावर बोंब मारून काय उपेग?” तो गुडघा चोळत होता. “तू कामून ईचारायलीस?”

“उगंच.”

“उगंच न्हाई. तोंड बघ कसं झालंय.”

तिनं मग सगळं सांगितलं. थोरला, पत्ते, गुरुवार, पुणं. पुण्याचं ऐकून बन्सी उठून आत गेला आणि मसाल्याची पिशवी खुंटीवरून काढून उन्हात वाळवलेला मसाला तिच्यात भरू लागला. ही पिशवी तो प्रत्येक कामाला स्वतः घेऊन जायचा. मसाला कधीच यादीत नसायचा. काय किती घालायचं हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, अमृतालाही नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तिनं नवी स्क्रिप्ट लिहायला घेतली. सगळ्यात वर अकरा हत्यारांची यादी, फक्त नावं, एकाच जागी. खालच्या चारशे ओळींत कुठंही पत्ता नाही. जे लागेल ते वरच्या यादीतून घ्यायचं. घरधन्याला, म्हणजे गिऱ्हाइकाला, एखादं हत्यार आपल्या मर्जीच्या जागेवरून द्यायचं असेल तर त्यानं चालवताना तेवढं सांगावं, स्क्रिप्ट ऐकेल. आणि चूल पेटवण्याआधी तेल हुंगायचं: प्रत्येक हत्याराला त्याची आवृत्ती विचारायची, हवी ती नसेल तर काहीही न करता तिथंच थांबायचं.

पण हवी ती म्हणजे कोणती? तिथं ती अडली. कोणत्या हत्याराची कोणती आवृत्ती दशांश बरोबर मोजते आणि कोणती दगा देते, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. ते एका माणसाच्या खिशात होतं.

बुधवारी सकाळी ती गोकुळपुढं जाऊन उभी राहिली आणि स्क्रिप्ट दाखवली. तोवर विशाखा मॅडमचे पत्ते आले होते आणि शेंद्र्याची स्क्रिप्ट तयार करून तो मोकळा झाला होता. त्यानं तिची यादी वरपासून खालपर्यंत वाचली, मग पुन्हा वरून वाचली.

“हे आधी तपासायचं तुला कुणी सांगितलं?”

“वडलांनी.”

“ते पण सॉफ्टवेअरमध्ये आहेत?”

“आचारी आहेत.”

गोकुळनं मान हलवली. खिशातली डायरी काढली, पण उघडली नाही. खाली दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, ते वरपर्यंत ऐकू येत होतं. बराच वेळ तो तसाच बसला. अमृताला वाटलं, आता हा नाही म्हणणार.

“लिहून घे,” तो म्हणाला.

त्यानं अकरा आकडे सांगितले. प्रत्येकाबरोबर एकेक गोष्ट: ही आवृत्ती जालन्याला फसली होती, ही थंडीत बरी चालते असं लोक म्हणतात पण ते खोटं आहे, हिच्या आधीची चुकूनही घेऊ नकोस. अर्धा तास लागला. सांगून झाल्यावर डायरी त्यानं खिशात न ठेवता टेबलावरच ठेवली.

“फोल्डरमध्ये ठेव तुझी स्क्रिप्ट. उद्या माझीच चालवू. तुझी लागणार नाही.”

अमृतानं हो म्हटलं. आकडे मिळाले यातच ती खूश होती.

गुरुवारी जीपची मागची सीट रिकामी होती. शेंद्र्याच्या गेटवर वॉचमननं आत डोकावून पाहिलं. “कम्प्युटर-वम्प्युटर कुछ नै ना साहब? बाहर का अंदर नै जाता.” गोकुळनं दोन्ही हात वर करून दाखवले.

विशाखा मॅडम तिथल्या तपासणी विभागाच्या प्रमुख. पन्नाशीची, नीटनेटकी, घड्याळ काढून टेबलावर ठेवून बोलणारी बाई. “अकरापर्यंत वेळ आहे,” त्या म्हणाल्या. “आमचा माणूस चालवेल. तुम्ही कीबोर्डला हात लावायचा नाही.”

त्यांच्या माणसानं गोकुळची स्क्रिप्ट चालवली. पहिल्याच ओळीला ती आडवी पडली.

गोकुळ पडद्याकडं वाकला. “हा पत्ता तुम्हीच पाठवलेला आहे, मॅडम.”

“हो, पण तो जुन्या मशीनचा. काल संध्याकाळी आमच्या लोकांनी मशीन बदललं.” त्यांना यात खेद वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. मशीनं बदलतच असतात. “दुसरं काही आहे?”

खोलीत तिघं-चौघं उभे होते. गोकुळचे कान लाल झाले होते. सहा वर्षांत तो रिकाम्या हातानं कुठल्या कारखान्यात गेला नव्हता, आणि आज शेजारी हात ठेवायला थोरलाही नव्हता. अमृताला त्याची दया आली, आणि त्याच क्षणी भीतीही वाटली, कारण आता तिची पाळी होती आणि तिच्यामागं कुणीच उभं नव्हतं.

“फोल्डरमध्ये दुसरी आहे,” गोकुळच म्हणाला. “ती चालवा. हिनं लिहिलीय.”

यादी चालू झाली. पहिलं हत्यार सापडलं, आवृत्ती ठीक. दुसरं ठीक. तिसरं ठीक. चौथ्याला स्क्रिप्ट थांबली आणि पडद्यावर साध्या मराठीत ओळ उमटली: ‘तिसरी आवृत्ती मिळाली. पाचवी हवी. पुढे जात नाही.’

“हेही पडलं,” विशाखा मॅडम म्हणाल्या आणि घड्याळाकडं पाहिलं.

“पडलं नाही, मॅडम, थांबलंय,” अमृता म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. “या जुन्या हत्यारानं पुढं गेलो असतो तर प्रोग्रॅम तयार झाला असता आणि तुमचे चांगले भाग नापास झाले असते. या मशीनवर पाचवी आवृत्ती आहे का कुठं?”

त्यांच्या माणसानं शोधलं. होती, दुसऱ्याच एका फोल्डरमध्ये, कुणीतरी वेगळी बसवलेली.

“मग चालवताना एवढंच सांगा, की चौथं हत्यार तिथलं घे. स्क्रिप्टमध्ये काही बदलायचं नाही. मशीन तुमचं आहे, कुठलं वापरायचं ते तुम्ही सांगायचं.”

त्यानं सांगितलं. अकराच्या अकरा ठीक आली आणि खालच्या चारशे ओळी धावू लागल्या. चौदा मिनिटं लागली. तेवढ्यात चहा आला, तो कुणी प्यायला नाही. मग प्रोग्रॅम तयार झाला. त्यांनी एक भाग मोजायला ठेवला, त्यानं पास म्हटलं. एक मुद्दाम घासलेला ठेवला, त्यानं नापास म्हटलं. विशाखा मॅडमनी घड्याळ मनगटावर बांधलं. अकराला सात कमी होते.

“चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच असावं, कारण त्यांचा माणूस चमकून बघायला लागला. “पुढच्या महिन्यात आमच्या चाकणच्या कारखान्यात हेच बसवायचंय. तुमच्याकडून कोण येईल? गोकुळराव, तुम्हीच याल ना?”

गोकुळ चष्मा पुसत होता. “कुणी नाही,” तो म्हणाला. “यादी वरच लिहिलेली आहे. तुमचा माणूस चालवेल.”

परतताना जीपमध्ये तात्यासाहेबांचा फोन आला. चालवता चालवता गोकुळनं तो स्पीकरवर टाकला.

“झालं का रं?”

“झालं.”

“मग पोरीचं काय करू?”

“पक्की करा.”

“करतो. अन् थोरल्याचं?”

“बंद करतो आता. त्याची गरज नाही.”

“आन मग तुला कुठं पाठवायचं रं आता?” तात्यासाहेब हसत हसत म्हणाले. त्यांच्या लेखी ती थट्टा होती.

“बघू,” गोकुळ म्हणाला.

अमृताला पुढचं काही ऐकू आलं नाही. पक्की हा शब्द तिच्या कानात भरून राहिला होता. करमाडच्या फाट्यावर त्यानं तिला मुद्दाम पुढं येऊन सोडलं, उरलेला दिवस सुट्टी दिली. तिनं उतरताना “थँक्यू सर” म्हटलं आणि जवळजवळ पळतच घरी गेली.

बन्सीनं सगळं ऐकलं. पुणं टळलं हे कळल्यावर त्यानं डोळ्यांना उपरणं लावलं आणि मिरचीची धूळ गेली म्हणाला. मग जरा वेळानं त्यानं विचारलं, “ते आकडे त्यानं स्वतः दिले?”

“व्हय. अकराबी. डायरीतून.”

“परत ईचारायला ठेवलं नाय काही?”

“नाय.”

बन्सी खुंटीवरच्या पिशवीकडं बघत राहिला. “मी यादी सगळ्या गावाला देतो. पर मसाला कधी दिला नाय. दिला की मला कोण बोलवतंय, लंगड्या माणसाला? त्यानं मसालाच देऊन टाकला की, बाई. तू काय म्हणालीस त्याला?”

“थँक्यू म्हणाले.”

“बस?”

बुधवारी सकाळी गोकुळ डायरी न उघडता इतका वेळ का बसला होता, हे अमृताला आता कळलं, आणि कळल्यावर आनंदाची चव तोंडातून गेली. तिला स्वतःची लाज वाटली.

“उद्या डबे दोन ने,” बन्सी म्हणाला.

शुक्रवारी ती पोचली तेव्हा गोकुळ खाली फरशीवर बसून ओल्या फडक्यानं थोरल्याचा पत्रा पुसत होता. मशीन बंद होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा, थोरला जागेवर असूनही, त्या खोलीत छताच्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता. माळ निघाली होती, कागद निघाला होता, कुंकू काही निघत नव्हतं.

“सर,” ती म्हणाली, “काल मला बोलायला हवं होतं. माझ्या लक्षात आलं नाही.”

“काय?”

तिनं डबा पुढं केला. दुसरं काय करावं हे तिला सुचलं नाही. गोकुळनं हात पुसले, तिथंच फरशीवर डबा उघडला. वांग्याची भाजी आणि भाकरी. सकाळचे साडेनऊच वाजले होते, पण त्यानं घास घेतला, मग दुसरा घेतला, आणि मान वर केली.

“हे भलतंच आहे. वडलांना विचार, मसाल्यात काय काय घालतात.”

“ते कुणालाच सांगत नाहीत, सर. मलासुद्धा नाही.”

गोकुळ तिच्याकडं बघत राहिला. मग हसला; पाच महिन्यांत ती त्याला हसताना पहिल्यांदाच बघत होती.

“शहाणे आहेत,” तो म्हणाला आणि खाली मान घालून जेवू लागला.